एकाच माणसाची १,५०० पावलं, दहा वेगवेगळी उत्तरं

ट्रेडमिलचा वेग ताशी ३ मैल, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटर. वर चालणारा माणूस तरुण आणि धडधाकट. शेजारी उभा असलेला निरीक्षक त्याचं प्रत्येक पाऊल डोळ्यांनी पाहून मोजतोय. एका फेरीत ५०० पावलं झाली की थांबायचं, दुसरीत १,५००. चालणाऱ्याच्या अंगावर पावलं मोजणाऱ्या दहा गोष्टी आहेत: कमरपट्ट्याला तीन यंत्रं, मनगटावर तीन बँड, पँटच्या दोन खिशांत दोन फोन आणि त्या फोनांत मिळून चार अ‍ॅप.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ही चाचणी केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. चालणारे १४ जण, सरासरी वय २८ च्या आसपास. चाचणी छोटी आणि साधी होती, आणि तिची ताकद त्या साधेपणातच आहे. खरी पावलं किती पडली याबद्दल वादच उरला नाही, त्यामुळे चूक कोणाची आणि कोणत्या दिशेची हे लख्ख दिसलं.

कमरेची तीन यंत्रं होती डिजी-वॉकर एसडब्ल्यू-२०० हा जुन्या पद्धतीचा पेडोमीटर, फिटबिट झिप आणि फिटबिट वन. त्यांची सरासरी चूक उणे ०.३ टक्के ते अधिक १ टक्का. मनगटावर होते नाइकी फ्यूएलबँड, जॉबोन अप२४ आणि फिटबिट फ्लेक्स. इथे चूक उणे १.५ पासून थेट उणे २२.७ टक्क्यांपर्यंत गेली. फोनमधल्या चार अ‍ॅपांची चूक उणे ६.७ ते अधिक ६.२ टक्के.

टक्क्यांपेक्षा पावलांत पाहिलेलं बरं. खरी पावलं १,५०० असताना कमरेची यंत्रं साधारण १,४९५ ते १,५१५ दाखवतात. सर्वांत चुकणारा मनगटी बँड (तो फ्यूएलबँड होता) सुमारे १,१६० वर थांबतो. जास्त मोजणारं अ‍ॅप १,५९३ पर्यंत जातं. पावलं तीच, माणूस तोच, आणि दोन टोकांत सव्वाचारशेहून जास्त पावलांचं अंतर.

कमरेला लावलेली साधी डबी का जिंकली

डिजी-वॉकरसारख्या पेडोमीटरमध्ये ना संगणक, ना ब्लूटूथ. आत एका बारीक स्प्रिंगवर तोललेली छोटी दांडी असते. शरीराला वर-खाली हिसका बसला की दांडी खाली आपटते, विजेचा संपर्क जुळतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. या यंत्राचा उंबरठा ०.३५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एकतृतीयांश. तेवढा हिसका बसला तर पाऊल, नाहीतर काही नाही.

हे चालतं, कारण कंबर शरीराच्या गुरुत्वमध्याजवळ आहे. प्रत्येक पावलाला धड काही सेंटिमीटर वर जातं आणि खाली येतं. डावं पडो की उजवं, एका पावलामागे एक झोका. कमरेला बांधलेल्या यंत्राला अंदाज करण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या यंत्रांच्या मानकात चुकीची कमाल मर्यादा ३ टक्के ठरवलेली आहे, म्हणजे १०० पावलांत ३. तीन कमरवाली यंत्रं या मर्यादेत आरामात बसली. मनगटावरचा १.५ टक्केवाला बँडही बसला. म्हणजे मनगटावरून मोजायचं म्हणजे चुकायचंच, असं काही नाही. फक्त तिथे चुकायला वाव फार.

या डबीच्या बाजूने इतकं बोलल्यावर तिची खोड सांगितलीच पाहिजे. ती उभी आणि घट्ट बसलेली हवी. पोट सुटलेल्या माणसाच्या कमरपट्ट्यावर ती पुढे कलते, दांडीला तिरका हिसका बसतो आणि पावलं गळतात. सलवारीच्या नाडीवर किंवा साडीच्या निऱ्यांजवळ अडकवली तरी तेच, कारण कापड सैल असतं आणि यंत्र स्वतःच्या तालावर डुलतं. पँट असेल तर मांडीच्या मधोमध येणाऱ्या रेषेत, कडक पट्ट्यावर लावायची. साडी असेल तर परकराच्या नाडीवर न लावता वेगळा इलॅस्टिकचा पट्टा बांधून त्यावर लावायची.

मनगटाला पाय दिसत नाहीत

मनगटी बँडला पाऊल कळतं ते दोन वाटांनी. टाच जमिनीवर आदळल्याचा धक्का पाय, कंबर, खांदा, कोपर असा प्रवास करत मनगटापर्यंत येतो, आणि येईपर्यंत बराच मऊ होतो. दुसरी वाट हाताच्या झोक्याची. यातली गंमत अशी की हात पुढे जाऊन मागे यायला दोन पावलं लागतात. मिनिटाला ११० पावलं चालणाऱ्याचा हात मिनिटाला ५५ वेळा झुलतो. बँडला झोका ठळक दिसतो आणि टाचेचा धक्का अंधुक. त्यामुळे एका झोक्याची दोन पावलं धरायची, की त्यातला मधला लहान धक्का वेगळा शोधायचा, हे सॉफ्टवेअरला ठरवावं लागतं. तो मधला धक्का सुटला की एका पावलाचा हिशेब गेला.

आतला संवेदक म्हणजे त्रिमितीय अ‍ॅक्सिलरोमीटर. नखापेक्षा लहान चिप, सेकंदाला साधारण २५ ते १०० वेळा तिन्ही दिशांचं त्वरण टिपणारी. मनगट कसंही वळलेलं असलं तरी फरक पडू नये म्हणून अनेक पद्धतींत तिन्ही दिशांची बेरीज करून एकच आकडा काढतात (वर्ग, बेरीज, वर्गमूळ). मग बारीक थरथर गाळून टाकतात. उरलेल्या लाटेत शिखरं शोधतात. शिखर पुरेसं उंच आहे का, आधीच्या शिखरापासून योग्य अंतरावर आहे का, हे तपासतात. चालण्याचा ताल सेकंदाला दीड ते अडीच पावलांच्या आसपास असतो. त्याच्या फार अलीकडचं-पलीकडचं ते फेकून देतात.

म्हणजे बँड पावलं 'मोजत' नाही, हालचालीवरून पावलांचा अंदाज बांधतो. उंबरठा खाली ठेवला तर कणीक मळताना पावलं पडतात. वर ठेवला तर हळू चालणारी आजी घरात दिवसभर फिरूनही बसून राहिल्यासारखी दिसते. कुठली चूक परवडते हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं असतं आणि ते खोक्यावर छापलेलं नसतं.

म्हणूनच या चाचणीतला सर्वांत बोलका आकडा २२.७ नाही. तो आहे १.५ आणि २२.७ मधला फरक. चालण्याची पद्धत तीच, ट्रेडमिल तीच, तिन्ही बँड मनगटावरच, तरी एक जवळजवळ बरोबर आणि दुसरा पाचातलं एक पाऊल खाणारा. इतका फरक संवेदकाच्या खरेखोटेपणातून क्वचितच येतो. तो येतो शिखर कशाला म्हणायचं या नियमातून. फ्यूएलबँडचा मुख्य आकडा मुळात पावलांचा नव्हताच. एकूण हालचालीवरून 'नाइकीफ्यूएल' नावाचे गुण द्यायचे हे त्याचं खरं काम, पावलं सोबतीला. पुढे या बँडच्या अचूकतेच्या दाव्यांवरून अमेरिकेत ग्राहकांचा सामूहिक दावा उभा राहिला. २०१५ च्या तडजोडीत खरेदीदारांना १५ डॉलर रोख किंवा २५ डॉलरचं गिफ्ट कार्ड असा पर्याय मिळाला.

एका फोनमध्ये तीन मतं

फोनांच्या बाबतीत तर याहून स्वच्छ पुरावा आहे. एका खिशात आयफोन ५एस होता आणि त्यात फिटबिट, विदिंग्जचं हेल्थ मेट आणि मूव्ह्ज ही तीन अ‍ॅप एकाच वेळी चालू होती. दुसऱ्या खिशात सॅमसंग गॅलेक्सी एस४, त्यात मूव्ह्ज. तीन अ‍ॅप एकाच फोनवर, तोच खिसा, तीच मांडी, आणि तरी आकडा एकसारखा नाही. चिपकडून येणारा माल एकच, गाळणी वेगळी.

खिशातला फोन मांडीबरोबर हलतो, आणि पायाची हालचाल मनगटापेक्षा खूप स्वच्छ असते. चाचणीतल्या फोनांनी बऱ्यापैकी निभावलं ते म्हणून. पण यातली अट पँटच्या खिशाची आहे. पर्समध्ये, खांद्यावरच्या झोळीत, शर्टाच्या खिशात फोन वेगळाच नाचतो. शिवाय घरात वावरताना फोन टेबलावर किंवा चार्जरला असतो. तेवढ्या वेळातली पावलं चुकीची मोजली जात नाहीत, ती मोजलीच जात नाहीत. फोन आणि बँड यांचे आकडे जुळत नाहीत अशी तक्रार आली की आधी हेच विचारावं: फोन दिवसातले किती तास अंगावर होता?

याच्या उलट भानगड दोन्ही अंगावर असताना होते. फोन आणि घड्याळ दोघंही एकाच आरोग्य-अ‍ॅपमध्ये पावलं ओततात. अ‍ॅपल हेल्थसारखं अ‍ॅप स्रोतांचा क्रम लावून एका वेळेची पावलं एकदाच धरतं, पण मध्ये तिसरं अ‍ॅप घुसलं आणि त्याने दोन्हींची सरळ बेरीज केली की ६,००० ची पावलं ११,००० च्या घरात जाऊ शकतात. अचानक दीडपट-दुप्पट झालेला आकडा दिसला तर संवेदकाला दोष देण्याआधी अ‍ॅपच्या सेटिंगमधली स्रोतांची यादी उघडावी आणि एक सोडून बाकीचे बंद करावेत.

चाचणीने जे तपासलंच नाही

चाचणी सरळ, सपाट, एकाच वेगाची होती आणि चालणारे तरुण होते. पावलं मोजणाऱ्या यंत्रासाठी यापेक्षा सोपा पेपर नाही. मिनिटाला १०० पावलं हा मध्यम व्यायामाचा ढोबळ उंबरठा मानतात, आणि ४.८ किलोमीटरचा वेग त्याच्या वर बसतो. स्प्रिंगच्या पेडोमीटरची खरी परीक्षा ताशी ३ किलोमीटरच्या खाली असते. तिथे हिसका ०.३५ जीपर्यंत पोचतच नाही आणि पावलं गळायला लागतात. म्हणजे या चाचणीत चांगल्या उतरलेल्या डिजी-वॉकरला त्याचा नावडता प्रश्न विचारलाच गेला नव्हता. 'पेडोमीटर सर्वांत अचूक' असा निष्कर्ष यातून काढून सत्तरीच्या आजोबांना तो आणून देणं चुकीचं ठरेल.

दुसरं, हात. बागेत हात पाठीशी बांधून फेऱ्या मारणारे, बाबागाडी किंवा सुपरमार्केटची ट्रॉली ढकलणारे, वॉकर धरून चालणारे, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मंडईतून येणारे, या सगळ्यांचा झोका गायब झालेला असतो. बँडला उरतो तो मऊ झालेला टाचेचा धक्का. मनगटी बँड इथे बहुधा कमी मोजतो, आणि वॉकरवर तर फारच कमी. वारीतलं उदाहरण घ्या. डोक्यावरच्या तुळशी वृंदावनाला हात लावून चालणारी बाई आणि तिच्या शेजारी टाळ वाजवत चालणारा वारकरी एकाच दिंडीत, एकाच तालावर, तेवढंच अंतर कापतात. एकीचा हात स्थिर, दुसऱ्याचा प्रत्येक ठोक्याला हलणारा. दोघांच्या मनगटी बँडवर संध्याकाळी एकच आकडा येईल अशी अपेक्षा धरू नये.

तिसरं, न पडलेली पावलं. पोळ्या लाटणं, कपडे घासणं, तबला, टाळ्या, खड्ड्यांतून जाणारी स्कूटर: ताल सेकंदाला दीड-दोनच्या आसपास आला की बँडला चालल्याचा भास होतो. याला आळा घालायला कंपन्यांनी एक नियम घातलेला असतो. सलग काही पावलं, अनेकदा दहाच्या आसपास, एका तालात पडल्याशिवाय मोजणी सुरूच करायची नाही. काही यंत्रं खात्री पटल्यावर ती रोखून धरलेली पावलं मागाहून जमा करतात, काही सोडून देतात.

या नियमाची किंमत घरकाम करणारा माणूस मोजतो. ओट्यापासून सिंकपर्यंत चार पावलं, सिंकपासून फ्रिजपर्यंत पाच. दहाची अट असलेलं यंत्र यातलं एकही पाऊल धरणार नाही. दिवसात अशा पाच-पाच पावलांच्या २०० खेपा झाल्या तर १,००० पावलं हवेत विरली, आणि तीच पावलं मैदानावर सलग चालणाऱ्याच्या खात्यात मात्र पूर्ण जमा. रात्री बँड पाहून 'दिवसभर पाय मोडेस्तोवर उभी होते आणि पावलं अडीच हजारच?' असं म्हणणारीचं गणित चुकलेलं नसतं.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. समजा बाबागाडी ढकलताना २,००० पावलं बुडाली आणि त्याच दिवशी कामावर जाता-येता स्कूटरवर १,८०० खोटी चढली. दहा हजारांच्या दिवसात अंतिम चूक फक्त २ टक्के दिसेल. बँड अचूक आहे असं वाटेल. दुसऱ्या दिवशी स्कूटर नसेल तर तोच बँड २० टक्के चुकेल. दिवसभराचा एकच आकडा घेऊन दोन बँडांची तुलना करण्यात काही अर्थ नाही तो यामुळे. तुलना करायची तर हालचालीचे प्रकार सुटे करून.

हीच चाचणी मैदानावर

ट्रेडमिल लागत नाही. सपाट मैदान किंवा ४०० मीटरचा ट्रॅक, एक मोजणारा सोबती आणि तासभर वेळ एवढं पुरतं. मोजायला नामजपासाठी मिळतो तो बोटात घालायचा काउंटर उत्तम. सोबत्याने फक्त उजवं पाऊल मोजायचं: २५० झाली की थांबा म्हणायचं, म्हणजे एकूण ५००. प्रत्येक पाऊल मोजायला गेलं की शंभरच्या पुढे हमखास घोटाळा होतो. काउंटर नसेल तर जपमाळ घ्यावी आणि दर दहाव्या उजव्या पावलाला एक मणी ओढावा. २५ मणी झाले की काम झालं. चालणाऱ्याने स्वतः मोजू नये. मोजण्याच्या नादात चाल बदलते आणि हातही आखडतो.

बँड हाडाच्या वर एक बोट अंतर सोडून, घसरणार नाही इतका घट्ट. सेटिंगमध्ये कोणत्या हातावर बँड आहे ते खरं लिहिलेलं हवं. फिटबिटमध्ये तो प्रमुख हातावर असल्याचं सांगितलं की संवेदनशीलता कमी केली जाते, कारण कामाच्या हाताची फालतू हालचाल जास्त. डाव्या हातावर बांधून 'प्रमुख हात' निवडलेला असेल (आणि माणूस उजखुरा असेल) तर पावलं विनाकारण गळतात. हे उलटं-पालटं झालेलं फार वेळा आढळतं, आणि दुरुस्त करायला अर्धा मिनिट लागतो.

सुरुवातीचा आकडा उभं राहून, हात खाली सोडून लिहून घ्यायचा. चालताना मनगट वर करून बघायचं नाही. थांबल्यावर पूर्ण एक मिनिट स्थिर उभं राहायचं आणि मगच दुसरा आकडा, कारण बरेच बँड पडद्यावरचा आकडा उशिरा बदलतात. फोनचा आकडा तर अ‍ॅप उघडून ताजा केल्याशिवाय धरू नये. चूक काढायचं सूत्र सोपं: यंत्राच्या आकड्यातून ५०० वजा करा, उत्तराला ५०० ने भागा, १०० ने गुणा. उणे-अधिक चिन्ह खोडू नका; खरी माहिती चिन्हातच आहे.

पहिली फेरी नेहमीच्या चालीची, आणि ती दोनदा. दोन फेऱ्यांत एकाच बँडने ५ टक्क्यांहून जास्त फरक दाखवला तर पुढे जाण्याआधी पट्टा सैल आहे का ते बघा. मग ५०० पावलं हात पाठीशी बांधून किंवा ट्रॉली ढकलत. मग ५०० हळू: मिनिटाला ६० ते ७० पावलं, सोबत्याने घड्याळ लावून ताल द्यायचा. चौथी फेरी तुटक चालण्याची, आठ पावलं चालायचं, पाच सेकंद थांबायचं, असं २५ वेळा, एकूण २००. सलग पावलांचा नियम किती कडक आहे ते इथे उघडं पडतं. ५०० च्या सलग फेरीत दहा पावलं बुडाली तर चूक २ टक्के दिसते, पण या फेरीत तोच नियम २०० पैकी सगळीच्या सगळी खाऊ शकतो. शेवटी पावलं शून्य असलेली कामं: दहा मिनिटं कणीक मळणं किंवा भाजी चिरणं, आणि स्कूटर किंवा रिक्षाचा एक फेरफटका. या वेळी यंत्राने दाखवलेलं प्रत्येक पाऊल खोटं.

पहिल्या फेरीत ३ टक्क्यांच्या आत असणारा बँड चांगला. ५ पर्यंत चालेल. दहाच्या वर गेला तर हात, पट्टा, सेटिंग तपासून पुन्हा घ्या. हळू चालीच्या आणि हात बांधलेल्या फेऱ्यांत फारच कमी यंत्रं पहिल्या फेरीइतकी चांगली उतरतील. त्यात बँड बिघडल्याची खूण शोधू नये. एक मोह मात्र टाळावा. पहिल्या फेरीत उणे ८ आले म्हणून रोजच्या आकड्याला १.०८७ ने गुणत बसू नये. तो गुणक फक्त त्या चालीचा आहे. स्कूटरवरच्या खोट्या पावलांनाही तो गुणून वाढवेल.

पावलांची लांबी अ‍ॅपमध्ये नीट भरल्याने पावलांचा आकडा सुधारत नाही, एवढंही सांगून ठेवायला हवं. त्याने फक्त किलोमीटर बदलतात.

दहा हजारांची रेघ

हा सगळा खटाटोप स्वतःपुरता असेल तर फार त्रास नाही. रोज त्याच हातावर तोच बँड बांधणाऱ्याची चूक बहुतेक त्याच दिशेची असते. गेल्या महिन्यात ५,००० आणि या महिन्यात ६,५०० दिसले तर चालणं वाढलं आहे, मग खरा आकडा काही का असेना. पंचाईत होते ती सगळ्यांसाठी एकच रेघ मारली की. ऑफिसातली स्पर्धा, सोसायटीचं चॅलेंज, पावलांवर हप्त्यात सवलत देणारी विमा योजना, सगळीकडे १०,००० ची रेघ असते. चाचणीतली दोन टोकं त्या रेघेवर ठेवून पाहा. २२.७ टक्के कमी मोजणाऱ्या बँडवर १०,००० दिसायला प्रत्यक्षात १२,९३७ पावलं टाकावी लागतील. ६.२ टक्के जास्त मोजणाऱ्या अ‍ॅपवर ९,४१६ पुरतील. फरक साडेतीन हजार पावलांचा. मिनिटाला ११० च्या चालीने रोजचा अर्ध्या तासाहून जास्त वेळ. बक्षीस मिळतं ते यंत्र निवडल्याचं.

त्या १०,००० चं मूळही प्रयोगशाळेत नाही. १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीने 'मान्पो-केई', म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक, या नावाने पेडोमीटर विकायला काढला, आणि गोल आकडा जगाच्या तोंडी बसला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क महिलांचा (सरासरी वय ७२) अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि ७,५०० च्या आसपास फायद्याची वाढ थांबली. हे आकडे आता सर्रास सांगितले जातात, पण ती पावलं संशोधनासाठीच्या, कमरेला बांधलेल्या यंत्राने मोजलेली होती. तुमच्या मनगटावरचे ४,४०० आणि त्या कमरेवरचे ४,४०० एकच आहेत असं धरून चालता येत नाही.

स्पर्धा घेणाऱ्यांना यातून वाट काढता येते. पहिला आठवडा नुसती नोंद, नंतर प्रत्येकाची स्वतःच्या त्या आठवड्याशी तुलना. क्रमांक टक्केवारीच्या वाढीवर. मनगट, कंबर आणि खिसा यांचे गट वेगळे. ५ टक्क्यांच्या आतल्या फरकावर कुणाला वर-खाली ठरवायचं नाही. मध्येच बँड बदलला किंवा त्याचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत झालं तर त्या माणसाची मूळ नोंद नव्याने घ्यायची, कारण अद्ययावत करताना मोजणीचा नियम बदललेला असू शकतो आणि ते कुणी सांगतच असं नाही.

ज्यांची चालच मंद आहे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सावरणारे, पक्षाघातातून उठलेले, वॉकरवरचे ज्येष्ठ, त्यांच्यासाठी मनगटाचा हट्ट सोडून बँड घोट्याला बांधून पाहावा. घोट्याशी टाचेचा धक्का ताजा असतो आणि हातात वॉकर असला तरी पाय हलतोच. लांब पट्टा किंवा वेल्क्रोची पट्टी लागते; हाडाच्या उंचवट्यावर न बांधता त्याच्या किंचित वर, मोज्याच्या कडेवर. सूज असेल किंवा मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर पट्टा घट्ट बांधू नये, आणि बांधण्याआधी डॉक्टरांना विचारावं. नाडीचे आकडे तिथे विश्वासाचे राहणार नाहीत, ते बंदच ठेवावेत. मग सोबत्याने ५० पावलं मोजायची. बँडने ४७-४८ दाखवली तर आकडा जसाच्या तसा धरायचा. २४-२५ दाखवली तर यंत्र फक्त बांधलेल्या पायाची पावलं मोजतंय, रोजचा आकडा दुप्पट करून लिहायचा. ३५ सारखं मधलंच काही आलं तर दुसऱ्या घोट्यावर बांधून पुन्हा ५०.